शेंडे मॅडमच्या चित्रातली माणसं

अन्याय झाला तो गिरजाबाई मेश्रामवर. यंदाच्या तान्ह्या पोळ्याला, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, तलावाच्या पाळीवर, त्या मातीच्या बांधावर, सुशोभीकरणाच्या भूमिपूजनाचा मंडप अजून बांधून व्हायचा होता तेव्हा. नेत्याच्या हातून उघडायचं म्हणून फ्लेक्सवर टाकलेलं कापड वाऱ्यानं आधीच उडालं आणि जमलेल्या गावानं पाहिलं, की तलावाच्या चित्रात गिरजाबाई नाही.

तुम्ही म्हणाल, एवढंच? चित्रात नाही म्हणून अन्याय?

हो, एवढंच. पण ते एवढंसं का नाही, हे शेंडे मॅडमबद्दल सांगितल्याशिवाय सांगता येत नाही. मला पत्रकं लिहायची सवय आहे, माणसांबद्दल लिहायची नाही. पत्रकात मागणी वर असते, माणूस खाली सहीपुरता. इथं उलटं करतो आहे. सांभाळून घ्या. नाही घेतलं तरी चालेल.

गावाचं नाव लिहीत नाही. साकोली आणि एकोडीच्या मधलं गाव आहे, शिवारात धान आहे, गावाला तलाव आहे. तुमच्या गावाचं नाव घालून वाचा, फारसं चुकणार नाही.

विशाखा शेंडे एकोडीच्या. आजोबा छप्पन साली नागपूरहून दीक्षा घेऊन परतले, वडील शाळेत शिपाई, मुलगी आर्किटेक्ट. त्यावर लँडस्केपची मास्टर्स डिग्री. नागपूरकडच्या एका कॉलेजात त्या तासिका तत्त्वावर शिकवायच्या, म्हणजे तास संपला की तुम्ही कोण, आम्ही कोण. मी अड्याळचा, त्यांचा विद्यार्थी. माझ्याबद्दल इतकं पुरे.

आर्किटेक्चरच्या पाच वर्षांत काय शिकवतात, हे बाहेरच्याला माहीत नसतं. घरच्यांना वाटतं, पोरगा नकाशे पास करून देईल. आम्ही पहिल्या वर्षी सावल्या काढायला शिकतो, दुसऱ्या वर्षी पुठ्ठे कापून टेकड्या बनवतो. इतिहासाच्या पेपरात फ्रान्सच्या राजाची बाग झोपेतसुद्धा काढता येईल इतकी घोटतो. मोगलांची चारबाग येते, जपानची वाळूची बाग येते. मी भंडारा जिल्ह्यात जन्मलेला, आणि माझ्या बापाच्या शेताला ज्या तलावाचं पाणी मिळतं, त्याची पाळ अशी तिरपी का घातलेली असते यावर पाच वर्षांत एक तास झाला नाही. अभ्यासक्रमात नव्हता. मॅडमनी घेतला तो तास अभ्यासक्रमाबाहेर, आणि त्याचा मोबदला त्यांना मिळाला नाही, बोलणी मिळाली.

त्या कधी बसायच्या नाहीत. स्टुडिओत खुर्ची असायची, तिच्यावर त्यांची पिशवी बसायची. त्या टेबलांमधून फिरत राहायच्या, डबासुद्धा खिडकीशी उभ्यानं खायच्या. कोणी म्हटलं, "मॅडम, बसा ना," तर म्हणायच्या, "बसलं की सगळं ठीक वाटायला लागते रे." हातात पाण्याची बाटली. ती प्यायला कमी, ओतायला जास्त. कुठल्याही नव्या जागी गेल्या की बाटलीतलं थोडं पाणी जमिनीवर ओतायचं आणि ते कुठं जातं ते पाहत उभं राहायचं. आम्हाला उतार शिकवायची ही त्यांची पद्धत. कॉलेजच्या अंगणात नवे पेव्हर ब्लॉक बसले, उद्घाटनाला संस्थेचे लोक आले, हार झाले, फोटो झाले. मॅडमनी पुढं होऊन बाटली उपडी केली. पाणी क्षणभर थबकलं आणि मग सरळ, अगदी शिस्तीत, प्राचार्यांच्या खोलीच्या दिशेनं निघालं. सगळे त्या ओघळाकडे पाहत होते. मॅडम म्हणाल्या, "पावसाळ्यात सर, फाइली वरच्या कप्प्यात ठेवजा."

विनोद म्हणून सगळे हसले. पहिल्या मोठ्या पावसात खोलीत पाणी शिरलं, तेव्हा कोणी हसलं नाही. लक्षात मात्र ठेवलं.

पण त्यांचं नाव पडलं ते वेगळ्या कारणानं. पोरं त्यांना 'कोण-मॅडम' म्हणायची.

झालं असं. आम्ही इमारतीचं किंवा बागेचं चित्र काढलं, की त्यात माणसं चिकटवतो. जागा किती मोठी आहे ते कळावं म्हणून. ही माणसं संगणकावर आयती मिळतात, पार्श्वभूमी कापलेली, कुठंही लावा. लाल फुगा धरलेलं पोर, कानात वायर घालून धावणारा गोरा माणूस, आणि सोनेरी केसांची एक बाई, हातात साखळी, साखळीला कुत्रा. ही बाई आमच्या सगळ्या वर्गाची होती. तुमसरचा बाजार असो की पवनीचा घाट, ती कुत्रा फिरवत हजर.

सौरभ नावाचा माझा वर्गमित्र, हात सोन्याचा, तोंड त्याहून चालू. त्यानं साकोलीच्या बसस्टँडचं डिझाइन केलं होतं. परीक्षणाच्या दिवशी भिंतीवर शीट लागलं. छप्पर सुंदर, सावली सुंदर, फलाटावर ती बाई. मॅडम छपराबद्दल एक शब्द बोलल्या नाहीत. बोट ठेवलं.

"ही कोण?"

"स्केल फिगर आहे, मॅडम."

"नाव काय तिचं?"

"नाव नाही मॅडम. डाउनलोड केली."

"बरं. साकोलीहून कुठं चालली?"

सौरभ गडबडणाऱ्यातला नव्हता. "नागझिऱ्याला, मॅडम. टूरिस्ट आहे."

"आणि कुत्रा? जंगलात कुत्रा नेऊ देतात?"

वर्ग फुटला. सौरभसुद्धा हसला. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी त्या दिवशी नियम सांगितला, आणि तो शेवटपर्यंत बदलला नाही. शीटवर जे माणूस काढाल ते तुम्ही भेटलेलं असलं पाहिजे. त्याला विचारायचं, तू इथं कुठं उभा राहतोस. त्याला तिथं उभं करायचं आणि मग काढायचं. चित्र झालं की त्याला नेऊन दाखवायचं. त्यानं स्वतःला ओळखलं तर शीट पास. आणि स्वतःला कधी काढायचं नाही. "तुम्ही तर आहातच सगळीकडे," म्हणाल्या, "पेन तुमच्याच हातात आहे."

पोरं वैतागली. सबमिशन तोंडावर आणि ही बाई म्हणते, स्टँडवर जाऊन माणसं उभी करा. पण गेली.

त्याच हिवाळ्यात त्यांनी आम्हाला या गावच्या तलावावर आणलं. बांधाबांधानं चालवलं, सांडव्यापाशी बाटली उपडी केली, पाळ कुठं कापली तर आतलं काय दिसेल ते मातीत रेघोट्या ओढून दाखवलं. सेक्शन म्हणतात त्याला आमच्यात, उभा काप. "वरून सगळेच तलाव गोल दिसतात," त्या म्हणाल्या, "कापल्यावर कळते पाणी कोणाच्या बाजूनं उतरते." मग आम्हाला सोडलं माणसं शोधायला.

माझ्या वाट्याला बळीराम आजोबा आले. पाळीवरच्या कडुलिंबाखाली दिवसभर बसून असायचे. मी म्हटलं, आजोबा, तुम्ही इथंच बसता ना, तसेच बसा, चित्र काढतो. ते उठून घरी गेले. बऱ्याच वेळानं आले ते धुतलेला सदरा घालून, केसांना तेल लावून.

"काढ. पन मले बुलेटवर काढजो."

"आजोबा, बुलेट कुठं आहे तुमच्याकडे?"

"नाही तवाच त चित्रात पायजे बाबू! घरी असती त चित्र कायले काढलं असतं?"

मी मॅडमकडे तक्रार घेऊन गेलो. नियम मोडतो, म्हातारा ऐकत नाही. वाटलं, त्या हसतील. त्या विचारात पडल्या आणि म्हणाल्या, "काढ बुलेट. त्यानं घेतली तर लावायला जागा कुठं आहे इथं? तेही काढ." कडुलिंबाखाली बुलेटपुरती जागा मी काढली. आजोबांनी चित्र पाहिलं आणि म्हणाले, "मिशी बराबर नाही."

त्याच फेरीत सौरभनं घाटाचं चित्र काढलं. पायऱ्या लांबलचक, सगळ्या बायका एका ओळीत, सगळ्या हसऱ्या. प्रत्येकीचं नाव त्यानं खाली लिहिलं होतं, नियम पाळला होता. मॅडमनी नावं वाचली. एकेक आडनाव वाचलं. मग विचारलं, "सगळ्या एकाच घाटावर. छान. या उभ्या राहिल्या होत्या अशा?"

"नाही मॅडम, वेगवेगळ्या काढल्या, मग जोडल्या."

"कोणी जोडल्या?"

आम्हाला सगळ्यांना माहीत होतं, न बोललेलं. तलावाच्या एका टोकाला बौद्ध मोहल्ल्याच्या बायका उतरतात, दुसऱ्या टोकाला बाकीच्या, आणि मधे एक सपाट दगड आहे, सगळ्यांत चांगला, त्यावर कोणीच कपडे आपटत नाही. आता कोणी कोणाला अडवत नाही. पण पायांना सवय आहे. पाय तिकडं वळत नाहीत.

मॅडम रागावतील असं वाटलं होतं. त्या म्हणाल्या, "काढ तू एक घाट. मीही तेच काढीन. पण त्या दगडावर पहिला पाय कोण ठेवते, तिला शोधून काढ. मग तिला काढ." आणि बाटली उचलून पुढच्या टेबलाकडे गेल्या. तेवढंच. जातीवर त्यांनी वर्गात त्याहून जास्त कधी म्हटलं नाही. मला तेव्हा ते कमी वाटलं होतं. मी असतो तर फलक धरला असता.

त्यांचं स्वतःचंही एक शीट होतं या तलावाचं. गावच्या ग्रामपंचायतीला द्यायचं म्हणून, फुकट, हौसेनं. पहिल्या शीटमध्ये त्यांनी बायकांचा घाट रस्त्याच्या बाजूनं घेतला. तिथं उतार अलगद आहे, सकाळी सावली आहे, पुस्तकाप्रमाणे बिनचूक. गिरजाबाईला दाखवायला नेलं तेव्हा आम्ही दोघं-तिघं सोबत होतो.

गिरजाबाई ढिवराघरची, तलावात मासे धरणाऱ्यांतली. याच तलावात शिंगाडे लावायचे, काढायचे, उकडून साकोलीच्या स्टँडवर नेऊन विकायचे. तिनं चित्र पाहिलं, मान डोलावली. "छान आहे बाई. लई छान आहे."

सरकारी माणसाला म्हणतात तसं. मॅडमना ते कळलं का, ठाऊक नाही. त्या फक्त नियमाप्रमाणे म्हणाल्या, "मग उभं राहून दाखवा ना, अक्का."

गिरजाबाई रस्त्याच्या बाजूला गेली, उभी राहिली. आणि रस्त्याकडे पाठ करून, पदर खांद्यावरून पुढं ओढून, अशी आखडून उभी राहिली की जणू फोटोवाल्यानं श्वास रोखायला सांगितला आहे. मागं चहाची टपरी, टपरीवर मोटारसायकली, मोटारसायकलींवर माणसं. सकाळी सावली असते तिथं. माणसंही तिथंच असतात.

मॅडमनी स्वतःच्या कपाळावर हात मारला आणि शुद्ध एकोडीच्या बोलीत म्हणाल्या, "अवो अक्का, मी त येडीच होय. माही मायसुदा अशा जागी कवा उतरली नाही."

"मी कायी मनली का?" गिरजाबाई म्हणाली. "छानच आहे चित्र."

"छान नाही. नापास आहे."

दुसऱ्या आठवड्यात ते शीट आमच्या स्टुडिओत लागलं होतं, कोपऱ्यात लाल पेन्सिलनं 'नापास', खाली सही वि. शेंडे. आम्ही विचारलं, काढू का, बाहेरचे परीक्षक येणार आहेत. "राहू द्या," म्हणाल्या. "डिग्री आहे माझ्याकडे, तरी हे होते. त्यांनाही कळू द्या."

नवं शीट करायला त्यांना हिवाळा पुरला नाही. घाट आतल्या बाजूला गेला, झुडपांच्या आड. दगड जागचे हलवले नाहीत. शिंगाड्याचा डोंगा ओढायला चिखलात उतार ठेवला. कडुलिंबाखाली बुलेटची जागा ठेवली. गावातलं प्रत्येक माणूस आपल्या जागी. गिरजाबाईनं स्वतःला बघितलं आणि बोट लावलं, "हे मीच होय! पन पदर माहा असा नसते, खोचलेला असते." मॅडमनी तिच्यासमोर पदर खोचला. शीट पास.

फक्त एक जागा कोरी होती. तो मधला दगड. मॅडमनी पुष्कळ बायांना विचारलं होतं, कोण उभी राहते? हसून सगळ्या टाळत. "कायले बाई आमाले मधात घेता," असं. नियम म्हणजे नियम. दगड काढला, माणूस काढलं नाही.

ते चित्र ग्रामपंचायतीकडे गेलं आणि आम्ही पास होऊन पांगलो. पंचायतीतून ते सुशोभीकरणाच्या सल्लागार कंपनीकडे कसं गेलं, मला माहीत नाही, आणि जे माहीत नाही ते मी छापत नाही. जे फ्लेक्सवर होतं ते मात्र मी डोळ्यांनी पाहिलं.

पाळ तीच. कडुलिंब तोच, मॅडमच्याच रेषेचा. त्यांच्या झाडाची एक फांदी नेहमी खाली वाकलेली असते, तीही. माणसं सगळी पुसलेली. तलावाभोवती अखंड भिंत, वर चकचकीत रेलिंग, बाहेरून पेव्हर ब्लॉकचा चालायचा रस्ता. पाण्यापर्यंत उतरायला एकही जागा नाही. घाट नाही, डोंग्याचा उतार नाही, दगड नाही. आणि रस्त्यावर लाल फुगा, कानात वायर घातलेला गोरा, आणि कुत्रा घेऊन ती. सोनेरी केसांची.

बायका नवी लुगडी नेसून आल्या होत्या. त्यांना कोणीतरी सांगितलं होतं की तुमचं चित्र लागणार आहे. गिरजाबाई फ्लेक्सपुढं गेली, डावीकडून उजवीकडे पाहिलं, मग उजवीकडून डावीकडे.

"मी कोठी आहो यात?"

मंडपातून कंपनीचा एक तरुण आला, गळ्यात ओळखपत्र. "काकू, हे प्रतीकात्मक आहे. म्हणजे अंदाजे."

गिरजाबाईनं सोनेरी बाईवर बोट ठेवलं. "मंग हे कोन होय?"

तो तरुण सौरभ होता. त्याच्या तोंडावरचा रंग उडाला, कारण त्यानं पाहिलं होतं की गर्दीत मॅडम उभ्या आहेत.

त्या पुढं आल्या. मला वाटलं, आता फाडतील फ्लेक्स. मी तयार होतो, खरं सांगतो, माझे हात शिवशिवत होते. त्या सौरभजवळ थांबल्या. "ओळखलं मी हिला," म्हणाल्या. "साकोलीच्या स्टँडवरची. कुत्रा मोठा झाला."

"मॅडम, साहेब म्हणाले, व्ह्यू क्लीन पाहिजे." त्यानं गळ्यातलं ओळखपत्र मुठीत धरलं. "नोकरी आहे, मॅडम."

"माहीत आहे रे. फक्की आहे का उरलेली?"

भिंतीची रेघ कंत्राटदाराच्या माणसांनी आदल्या दिवशीच पांढऱ्या चुन्याच्या भुकटीनं जमिनीवर आखून ठेवली होती, तलावाला वेढा घालून. अर्धी गोणी मंडपामागं पडली होती. सौरभनं ती उचलली आणि, हे त्याच्या बाजूनं लिहिलंच पाहिजे, स्वतः आणून त्यांच्या हातात दिली.

"अक्का," मॅडम म्हणाल्या, "तुमी कोठी उभ्या होत्या चित्रात? चाला, उभ्या राहा."

गिरजाबाई पाळ उतरली, आपल्या जागी गेली, पदर खोचला. मॅडम वाकल्या आणि तिच्या पावलांभोवती फक्कीनं रेघ ओढली. मग दुसरी बाई. मग तिसरी. कोणी हसत होतं, कोणी म्हणत होतं, "माहा पाय एवढा मोठा होय का वं!" बळीराम आजोबा कडुलिंबाखाली काठी टेकून ताठ उभे राहिले आणि शेजारी बोट दाखवून म्हणाले, "अठी बुलेट." मॅडमनी तिथंही रेघ ओढली. भिंतीची रेघ या सगळ्यांच्या आडवी जात होती. एका ठिकाणी ती सरळ गिरजाबाईच्या दोन पायांमधून जात होती. ते आता सगळ्यांना दिसत होतं. सांगायला कोणी नको होतं.

मंडपातून लाउडस्पीकरवर आवाज आला, पाहुणे साकोलीहून निघालेले आहेत, कृपया स्थानापन्न व्हा. कोणी हललं नाही.

मग मॅडमनी वळून त्या मधल्या दगडाकडे पाहिलं. तो रिकामा होता. "इथं कोण?" त्यांनी विचारलं. पहिले मोठ्यानं, मग हळू. दोन्ही टोकांच्या बायका पायांकडे पाहत राहिल्या. वारा येऊन फक्की थोडी उडवून गेला.

शेंडे मॅडमनी चपला काढल्या. गोणी खाली ठेवली. आणि स्वतःचा नियम मोडून त्या दगडावर चढून उभ्या राहिल्या. पाणी घोट्याला लागत होतं. हात कोपरापर्यंत पांढरे. त्यांच्या पावलांभोवती रेघ ओढायला कोणी नव्हतं, आणि पाण्यात ती उमटलीही नसती. मी त्यांना शेवटचं पाहिलं ते तसं, उभ्या.

पाहुणे आले, उशिरा, आणि गाडीतून न उतरता गेले. काम थांबलं आहे. रद्द झालेलं नाही. रेलिंगचे गज पाळीवर आणून टाकलेत. फक्की पुढच्याच पावसानं धुऊन नेली. कॉलेजनं मॅडमना पुढच्या सत्रात तास दिले नाहीत. त्या आता दूर, दुसऱ्या राज्यात शिकवतात. फोन फार उचलत नाहीत. उचलला की मी रडगाणं सुरू करीन, हे त्यांना ठाऊक आहे. एकदाच उचलला, तर म्हणाल्या, "दगडावर कोणी उभं राहिलं का रे?"

मी म्हटलं, नाही अजून.

भिंतीचा विषय पुढच्या ग्रामसभेत येणार आहे. तुमच्या गावातही येईल. तलाव असला की चित्र येतंच. तेव्हा हे वाचून बाजूला ठेवू नका. उठा. तुमच्या तलावावर लावलेल्या फ्लेक्सपुढं जा, त्यातल्या प्रत्येक माणसावर बोट ठेवा आणि ग्रामसभेत, सगळ्यांदेखत, विचारा: हा कोण? उत्तर आलं नाही तर पाळ उतरा, चपला काढा आणि त्या रिकाम्या दगडावर तुम्ही उभे राहा.